अधिचलं: तर्कशास्त्राच्या वहीत ‘अ’ नेमका कुठे लिहायचा?

बारावीच्या गणितात किंवा कला शाखेच्या तर्कशास्त्रात सत्यता कोष्टकं भरून आलेला विद्यार्थी पदवीला औपचारिक तर्कशास्त्राचं पहिलं प्रकरण उघडतो, तेव्हा त्याला अक्षरांचे दोन संच दिसतात. एक ओळखीचा: पी, क्यू, आर. दुसरा ग्रीक: फाय, साय, काय. काही पुस्तकं ग्रीक अक्षरांऐवजी वळणदार मोठी रोमन अक्षरं वापरतात. बहुतेक जण दोन्ही संच एकाच मापाने मोजतात आणि पुढे जातात. दहा-पंधरा पानं ते खपूनही जातं. पहिली खरीखुरी सिद्धता स्वतः लिहायची वेळ आली की मात्र गाडी अडते.

हा दुसरा संच म्हणजे मेटाव्हेरिएबलं, मराठीत अधिचलं. औपचारिक भाषेविषयी बोलताना तिच्यातल्या ‘कोणत्याही एका सूत्रा’साठी आपण जे अक्षर धरतो ते अधिचल, त्या भाषेच्या स्वतःच्या अक्षरांत ते नसतं. या वाक्याचा उत्तरार्ध पक्का झाला की बाकीचं सरावाचं काम उरतं. जळगावला विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारे, धुळ्या-नंदुरबारला बी.ए. करणारे, किंवा नोकरी सांभाळून एकट्याने वाचणारे, अशा नवख्यांसाठी ही पायऱ्यांची वाट आहे. वही-पेन घेऊन बसा. नुसतं वाचून हे हाताला लागत नाही.

आधी खुणांची सोय. या लेखात औपचारिक भाषेतली विधानाक्षरं व्यंजनांनी लिहिली आहेत: प, फ, ब. अधिचलं स्वरांनी: अ, इ, उ. हा संकेत माझा आहे, पुस्तकात तुम्हाला दुसरा सापडेल. पण देवनागरीत टिपणं काढणाऱ्याला तो सोयीचा पडतो, कारण ओळीत स्वर दिसला की कान टवकारायचे एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

पायरी १: कोण कोणाविषयी बोलतंय ते ठरवा

खानदेशातल्या माणसाला दोन भाषांची पातळी समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी. समजा मी तुम्हाला मराठीत सांगितलं:

‘पानी पडी ऱ्हायनं’ हे अहिराणी वाक्य खरं आहे, जर आणि तरच पाऊस पडत असेल.

या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत अहिराणी आहे. तिच्याविषयी आपण बोलतोय, म्हणून ती विषयभाषा. बाहेरची मराठी म्हणजे अधिभाषा, ज्या भाषेतून आपण बोलतोय ती. ‘खरं आहे’, ‘वाक्य’, ‘जर आणि तरच’ हे सगळे शब्द बाहेरचे. आल्फ्रेड तार्स्की या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये सत्याच्या संकल्पनेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी नेमकी अशा घाटाची वाक्यं आहेत. त्याच्या आधी, १९२० च्या दशकात, डाव्हिड हिल्बर्ट यांनी गणिताच्या सिद्धतांनाच अभ्यासाचा विषय केला होता. सिद्धता ही चिन्हांची रांग, आणि तिच्याविषयीचा विचार वेगळा, वरच्या मजल्यावरचा.

आपल्या लेखात विषयभाषा अहिराणी नाही, चिन्हांची भाषा आहे. अधिभाषा मराठीच. वहीत पान उभं दुमडून डावीकडे फक्त चिन्हांच्या भाषेतल्या ओळी लिहा, उजवीकडे त्यांच्याविषयीचं मराठी बोलणं. पहिले काही दिवस ही शिस्त कंटाळवाणी वाटेल, पण सोडू नका.

पायरी २: तीन प्रकारची अक्षरं एकमेकांपासून सोडवा

चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या आजोबांच्या बीजगणितात अज्ञात संख्यांना नावं आहेत: यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक. आज आपण तिथे क्ष, य लिहितो. या अक्षरांच्या जागी संख्या येतात.

दुसरा प्रकार विधानाक्षरांचा. प म्हणजे ‘गिरणा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं’, फ म्हणजे ‘जामदा कालव्याला पाणी आलं’. इथे प हे विषयभाषेतलं एक ठरलेलं चिन्ह आहे. त्याला खरं किंवा खोटं असं मूल्य देता येतं, त्याचं कोष्टक मांडता येतं.

तिसरा प्रकार अधिचलाचा. अ च्या जागी सूत्र येतं: कधी प, कधी ¬फ, कधी ((प → फ) → ¬ब) (¬ म्हणजे ‘नाही’, → म्हणजे ‘जर-तर’). मूल्य नाही, वस्तूही नाही, तर लिखित सूत्र, चिन्हांची रांग. म्हणूनच ‘अ खरं की खोटं?’ हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तर नाही. आधी सांगा, अ च्या जागी कोण बसलंय?

पायरी ३: भाषेचं व्याकरण स्वतःच्या हाताने लिहा

डाव्या बाजूला विषयभाषेची सगळी चिन्हं लिहून काढा: प, फ, ब, आणि कमी पडली तर प१, प२, प३ अशी हवी तितकी, ¬ आणि →, दोन कंस. संपली यादी. आता उजव्या बाजूला सूत्र कशाला म्हणायचं ते:

प्रत्येक विधानाक्षर हे सूत्र आहे.
अ हे सूत्र असेल, तर ¬अ हे सूत्र आहे.
अ आणि इ ही सूत्रं असतील, तर (अ → इ) हे सूत्र आहे.
याखेरीज दुसरं काही सूत्र नाही.

आता डावीकडची यादी पुन्हा पाहा आणि तिच्यात अ शोधा. नाही. ‘असेल, तर’ हे शब्दही नाहीत. हे नियम मराठीत लिहिलेले आहेत आणि अ हे त्या मराठीतलं सर्वनामासारखं काम करणारं अक्षर आहे. सूत्रं अगणित, नियम चार ओळींचे, आणि हे जमतं ते अधिचलामुळे. ते काढून टाकलं तर ‘¬प सूत्र आहे, ¬फ सूत्र आहे, ¬¬प सूत्र आहे’ असं लिहीत बसावं लागेल आणि ते कधीच संपणार नाही.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. शाळेत संधी शिकताना प्रति + एक = प्रत्येक, सु + आगत = स्वागत हे पाठ केलं असेल. पाणिनीने हे सगळं एका सूत्रात बसवलं: ‘इको यणचि’. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ यांपैकी कोणताही. त्याच्यापुढे अच्, म्हणजे स्वर, आला की इक् च्या जागी यण्, म्हणजे अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतो. ‘इक्’ हा काही संस्कृत बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द नव्हे. तो व्याकरणकाराच्या बोलण्यातला, वर्णांच्या एका गटावर फिरणारा. तर्कशास्त्रातल्या अधिचलाशी त्याचं नातं सख्ख्या भावाचं आहे. पाणिनीला या दोन पातळ्यांची पुरती जाणीव होती. व्याकरणात शब्द स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो, पारिभाषिक संज्ञांचा अपवाद सोडून, असं सांगणारं स्वतंत्र सूत्रच त्याने केलंय: ‘स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा’.

अवतरणचिन्हांचा प्रश्न इथेच निघतो. ‘अ’ असं अवतरणात लिहिलं तर अर्थ होतो ‘अ हे अक्षर’, आणि आपल्याला तर अ ने दाखवलेलं सूत्र हवं असतं. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९४० मध्ये यासाठी कोपऱ्यांसारखी दिसणारी खास अवतरणचिन्हं सुचवली. पद्धत काटेकोर आहे, पण रोजच्या लिखाणात फारसं कोणी ती पाळत नाही. संदर्भावरून समजतं यावर सगळे समाधानी आहेत, तुम्हीही राहा.

पायरी ४: भरणी

आपली पद्धत उभी करू. तीन स्वयंसिद्धकं (सिद्धतेशिवाय मान्य केलेली सूत्रं) आणि एक नियम:

स१: (अ → (इ → अ))
स२: ((अ → (इ → उ)) → ((अ → इ) → (अ → उ)))
स३: ((¬अ → ¬इ) → (इ → अ))
नियम (मोडस पोनेन्स): अ आणि (अ → इ) मिळाले, की इ मिळतं.

मूळ कल्पना यान लुकासिएविच यांची, आज जगभर शिकवली जाते. पण ‘तीन स्वयंसिद्धकं’ हे बोलण्यापुरतं. खरं तर हे तीन साचे आहेत. प्रत्येक साच्यातून अगणित सूत्रं पडतात आणि ती प्रत्येक स्वयंसिद्धक असतात. साचा स्वतः विषयभाषेत नाही, कारण त्यात स्वर आहेत.

साचा भरताना काय चालतं आणि काय नाही, हे विकास सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावरून झटकन कळतं. अर्जात ‘अर्जदार’ जिथे जिथे छापलंय तिथे तिथे एकाच माणसाचं नाव लागतं; पहिल्या पानावर थोरला भाऊ आणि तिसऱ्या पानावर धाकटा, असं चालत नाही. पण ‘अर्जदार’ आणि ‘जमीनमालक’ या वेगळ्या रकान्यांत एकच नाव आलं तर हरकत काय? बहुतेक वेळा तसंच असतं. अधिचलांचं तंतोतंत तसंच: एक अक्षर, सगळीकडे एकच सूत्र, वेगळी अक्षरं, वेगळी सूत्रं असू शकतात, असलीच पाहिजेत असं नाही. दुसरा भाग नवखे हमखास विसरतात आणि (प → (प → प)) हा स१ चा नमुना, म्हणजे त्या साच्यातून पडलेलं सूत्र, मानायला कचरतात. तो नमुनाच आहे: अ = प, इ = प.

एक भरून पाहू. स१ मध्ये अ = ¬प, इ = (फ → प):

(¬प → ((फ → प) → ¬प))

कंस सांभाळा. ¬अ मध्ये अ = (प → फ) घातलं तर ¬(प → फ) मिळतं. ¬प → फ लिहिलंत तर दुसरंच सूत्र झालं: पहिलं म्हणतं ‘आवर्तन सुटलं तर पाणी येतं, हे खोटं’, दुसरं म्हणतं ‘आवर्तन सुटलं नाही तर पाणी येतं’. पूर्ण कंसासकट सूत्र उचलून बसवायची सवय यासाठीच.

साच्यातून साचा काढताना आणखी एक खबरदारी. स१ मध्ये अ च्या जागी इ आणि इ च्या जागी अ घालायचं आहे. दोन्ही एकदम घाला: (इ → (अ → इ)). एकामागून एक घालाल तर आधी (इ → (इ → इ)) होईल, मग (अ → (अ → अ)), आणि हातात भलतंच काही उरेल.

पायरी ५: उलट दिशेने ओळखणं

पुस्तकं भरणी शिकवतात आणि ओळखणं तुमच्यावर सोडतात. माझ्या मते खरं कौशल्य ओळखण्यात आहे, म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

रीत अशी. सूत्राचा सगळ्यात बाहेरचा बाण शोधा. साच्याचाही शोधा. डावी बाजू डावीशी, उजवी उजवीशी लावा. अधिचलापाशी पोचलात की समोर जे उभं असेल ते त्याची भरणी म्हणून नोंदवा. तेच अधिचल पुन्हा आलं तर जुनी नोंद तपासा. अक्षरशः जुळली तर पुढे, नाही तर नमुना नाही.

(प → (फ → ब)) हा स१ चा नमुना आहे का? डावीकडून अ = प. उजवीकडे (इ → अ) समोर (फ → ब), म्हणजे इ = फ आणि अ = ब. पण अ आधीच प आहे. भांडण, म्हणून नाही.

((प → प) → (प → (प → प))) याचं काय? अ = (प → प), इ = प, आणि शेवटी पुन्हा अ = (प → प). जुळलं.

‘अक्षरशः जुळली’ हे शब्द गंभीरपणे घ्या. ¬¬प आणि प यांचा अर्थ एकच, कोष्टक एकच, पण सूत्र म्हणून ती दोन वेगळी आहेत. अधिचल रूपावर चालतं, अर्थावर नाही. म्हणून हे काम यंत्राला देता येतं. दोन्ही बाजूंना अधिचलं असतील तेव्हा त्यांना जुळवणारी सर्वांत सामान्य भरणी शोधण्याची रीत जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली. युनिफिकेशन हे तिचं नाव, आणि प्रोलॉग भाषा तिच्यावरच चालते. संगणकवाल्यांनी ही पायरी प्रोग्राम म्हणून लिहून पाहावी. शंभर उदाहरणं सोडवण्यापेक्षा जास्त समजतं.

पायरी ६: एक सिद्धता, ओळ न गाळता

(प → प) सिद्ध करू. इतकं उघड सूत्र, आणि तरी पाच ओळी लागतात. बाहेरचे कंस वाचायला सोपं जावं म्हणून गाळले आहेत.

१. (प → ((प → प) → प)) → ((प → (प → प)) → (प → प)) — स२, अ = प, इ = (प → प), उ = प
२. प → ((प → प) → प) — स१, अ = प, इ = (प → प)
३. (प → (प → प)) → (प → प) — नियम, २ आणि १ वरून
४. प → (प → प) — स१, अ = प, इ = प
५. प → प — नियम, ४ आणि ३ वरून

डावीकडच्या भागात एकही स्वर नाही, पाहिलंत? स्वर आहेत ते उजवीकडच्या शेऱ्यात, आणि शेरा सिद्धतेचा भाग नाही. तो वाचणाऱ्याशी केलेलं बोलणं आहे. वही तपासताना मी आधी हेच बघतो.

आता पाचही ओळींत प खोडून अ लिहा. जे तयार झालं ती सिद्धता नव्हे, कारण तिच्या ओळी सूत्रं नाहीत. ती सिद्धतेची कृती आहे: कोणतंही सूत्र आणा, अ च्या जागी बसवा, पाच ओळींची खरी सिद्धता तयार. हेच थोडक्यात लिहितात ⊢ अ → अ. यातलं ⊢ हे चिन्हही विषयभाषेतलं नाही. ते ‘सिद्ध होतं’ या मराठी शब्दांचं संक्षिप्त रूप.

इथे कोणी विचारेल, प → प सिद्ध केलं, मग ‘प च्या जागी काहीही घाला’ असा एक नियम जोडला की झालं, अधिचलं हवीतच कशाला? रास्त प्रश्न आहे, आणि सुरुवातीला लोक त्याच वाटेने गेले होते. साच्यांची वाट जॉन फॉन नॉयमन यांनी १९२७ मध्ये घेतली. फरक कुठे पडतो ते पाहा. सिद्धतेत तुम्ही एखादं आधारविधान धरलंय: प, आवर्तन सुटलं. बदलीचा नियम मोकळा सोडला तर प च्या जागी ¬प घालून ‘आवर्तन सुटलं नाही’ हेही पदरात पडेल. म्हणजे त्या नियमाला कुंपण घालावं लागतं: आधारविधानांवर तो चालवायचा नाही. साच्यांमध्ये ही भानगड नाही, कारण बदली सिद्धतेच्या आत होतच नाही. ती स्वयंसिद्धक निवडतानाच होऊन गेलेली असते.

पायरी ७: ‘तर’ किती प्रकारचे आहेत ते मोजा

पुढच्या प्रकरणात निगमन प्रमेय येतं. झाक एर्ब्राँ यांच्या १९३० च्या प्रबंधात ते सिद्ध केलेलं आहे. ते म्हणतं: अ हे आधारविधान धरून इ सिद्ध होत असेल, तर (अ → इ) हे आधाराशिवाय सिद्ध होतं. यात → हा विषयभाषेतला बाण आहे. ‘धरून सिद्ध होतं’ हे दोन सूत्रांमधलं नातं आहे. आणि मधला ‘तर’ हा आपला मराठी ‘तर’. तिन्हींना एकच खूण वापरलीत तर प्रमेय ‘अ → इ असेल तर अ → इ’ असं पोकळ दिसायला लागतं आणि विद्यार्थी म्हणतो, यात सिद्ध करायचं काय?

‘किंवा’चंही तसंच. (अ ∨ इ) हे (¬अ → इ) याचं छोटं रूप म्हणून ठरवून घेऊ. ठरवतानाही अधिचलंच वापरली, लक्षात आलं असेल. मग ⊢ अ ∨ ¬अ हे कोणत्याही अ साठी बरोबर आहे. पण ‘⊢ अ किंवा ⊢ ¬अ’ हे? अ = प घ्या. प सिद्ध होत नाही, नुसत्या तर्काने गिरणेला पाणी सुटत नसतं. ¬प ही सिद्ध होत नाही. म्हणजे दुसरा दावा खोटा. आत लिहिलेला ∨ आणि बाहेर बोललेला ‘किंवा’ यांत एवढं अंतर आहे.

याच जातीची आणखी एक गफलत: ‘(अ → इ) हा साचा सर्वतः सत्य (कोष्टकाच्या प्रत्येक ओळीत खरा) नाही’ याचा अर्थ ‘त्याचा कोणताही नमुना सर्वतः सत्य नाही’ असा होत नाही. (प → प) हा त्याचाच नमुना आहे आणि तो सर्वतः सत्य आहे. साचा वैध (सर्वतः सत्य) म्हणजे सगळे नमुने वैध. साचा अवैध म्हणजे निदान एक नमुना फसतो, इतकंच.

पायरी ८: ∀ आणि ∃ आले की अटी वाचा

विधेय तर्कशास्त्रात, म्हणजे ∀ (‘प्रत्येक’) आणि ∃ (‘निदान एक’) असलेल्या तर्कशास्त्रात, विषयभाषेकडे स्वतःची चलं येतात: क्ष, य. त्यामुळे अधिचलांचेही प्रकार वाढतात: सूत्रांसाठी अ, विषयभाषेतल्या चलांसाठी ए, पदांसाठी, म्हणजे वस्तूंच्या नावांसाठी किंवा चलांसाठी, ओ. पहिला महत्त्वाचा साचा असा:

∀ए अ → अ[ओ/ए]

वाचायचं असं: ‘प्रत्येक ए साठी अ’ असेल, तर अ मध्ये मोकळ्या (∀, ∃ ने न बांधलेल्या) ए च्या जागी ओ घातल्यावर मिळणारं सूत्र. आणि खाली बारीक अक्षरांत अट असते: ओ मधलं कोणतंही चल अ मधल्या ∀ किंवा ∃ च्या तावडीत सापडता कामा नये. ही अट वाचल्याशिवाय साचा वापरायचा नाही. का, ते पाहू.

विचारविश्व म्हणून खानदेशातली गावं घ्या: रावेर, यावल, पारोळा, सगळी. ∀क्ष ∃य (क्ष ≠ य) म्हणजे कोणतंही गाव घ्या, त्याहून वेगळं एखादं गाव आहेच. खरं आहे. आता ए = क्ष, अ = ∃य (क्ष ≠ य). ओ म्हणून ‘रावेर’ घातलं तर ∃य (रावेर ≠ य): रावेरहून वेगळं गाव आहे. ठीक. पण ओ म्हणून य हेच चल घातलं तर ∃य (य ≠ य), म्हणजे स्वतःहूनच वेगळं असलेलं एक गाव आहे. खऱ्यावरून खोट्यावर पोचलो. आपण आणलेला य आधीच बसलेल्या ∃य ने गिळला.

अर्जाच्या रकान्यांचा नियम इथेही लागू आहे. चलांसाठीची दोन वेगळी अधिचलं एकाच चलाला लागू शकतात. तसं नको असेल तर ‘ही दोन चलं वेगळी असावीत’ असं स्पष्ट लिहावं लागतं. नॉर्मन मेगिल यांनी उभ्या केलेल्या मेटामॅथ या संगणकीय पद्धतीत प्रमेयं अधिचलांतच लिहितात, आणि ही वेगळेपणाची अट जिथे लागते तिथे ती प्रमेयाबरोबर नोंदवावीच लागते. नोंदवली नाही तर संगणक सिद्धता परत पाठवतो. माणसाच्या नजरेतून निसटणारी गोष्ट यंत्र कशी पकडतं, हे पाहायला ती पद्धत उत्तम.

पायरी ९: हे निव्वळ लिहिण्याची सोय आहे का?

विधान तर्कशास्त्रात तसं वाटू शकतं. पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे ०, १, २ अशा संख्यांच्या स्वयंसिद्धकांच्या पद्धतीत, गैरसमज फिटतो. तिथला गणिती विगमनाचा साचा असा (∧ म्हणजे ‘आणि’):

(अ(०) ∧ ∀क्ष (अ(क्ष) → अ(क्ष+१))) → ∀क्ष अ(क्ष)

एक ओळ, आणि अ च्या जागी येणाऱ्या प्रत्येक सूत्रासाठी एक, अशी अगणित स्वयंसिद्धकं. एवढी गर्दी टाळून त्याच भाषेतल्या मोजक्या चार-सहा सूत्रांत हे सगळं बसवता येईल का? चेस्वाव रिल-नार्जेव्स्की यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं की येत नाही. चार-सहाच काय, कितीही मोठ्या पण मर्यादित संख्येत नाही. इथे अधिचल काढून टाकता येत नाही.

आणि अ कशावर फिरतं हेही इथे जड पडतं. ते सूत्रांवर फिरतं, संख्यांच्या संचांवर नाही. सूत्रं एक-दोन-तीन अशी रांगेत मांडता येतात, संच येत नाहीत. म्हणून पुष्कळ संच असे राहतात की त्यांना कोणतंच सूत्र पकडत नाही, आणि त्यांच्यापुरतं हे विगमन गप्प बसतं. थोराल्फ स्कोलेम यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की या स्वयंसिद्धकांना आपल्या ०, १, २, ३ खेरीज, त्यांच्या पलीकडेही ‘संख्या’ असलेली अनोळखी प्रारूपं (स्वयंसिद्धकं खरी ठरवणाऱ्या रचना) लागू पडतात. ‘प्रत्येक संचासाठी’ असं लिहिलं असतं तर ही प्रारूपं उरली नसती. पण मग ती भाषाही वेगळी झाली असती. पहिल्या वाचनात हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी चालेल. अधिचल दिसलं की ‘हे नेमकं कशावर फिरतंय?’ हा प्रश्न मात्र विचारत जा.

वहीत सोडवायला

पुढचे स१, स२, स३ यांपैकी कशाचे नमुने आहेत ते ओळखा. उत्तर झाकून ठेवा.

(क) ((प → फ) → (¬ब → (प → फ)))
स१. अ = (प → फ), इ = ¬ब.

(ख) ((¬¬प → ¬प) → (प → ¬प))
स३. ¬अ समोर ¬¬प आहे, म्हणून अ = ¬प; ¬इ समोर ¬प, म्हणून इ = प. शेवटचं (इ → अ) जुळतं.

(ग) ((प → ¬फ) → (फ → ¬प))
कोष्टक मांडा, सर्वतः सत्य आहे. तरी स३ चा नमुना नाही: ¬अ च्या समोर प आहे आणि प ची सुरुवात ¬ ने होत नाही. बाकीच्या दोन साच्यांतही बसत नाही. हे सूत्र सिद्ध करावं लागेल, नुसतं ‘स३’ असा शेरा मारून सुटका नाही.

(घ) ((प → ((फ → प) → प)) → ((प → (फ → प)) → (प → प)))
स२. अ = प, इ = (फ → प), उ = प. याच्या आधाराने प → प ची दुसरी पाच ओळींची सिद्धता लिहा. मधलं फ काढून त्या जागी दुसरं कोणतंही सूत्र घातलं तरी ती चालते, हे करून पाहा.

(च) (प → अ)
प्रश्नच फिरवलेला आहे. हे सूत्र नाही, कारण अ विषयभाषेत नाही. मग नमुना असण्याचा प्रश्न उरत नाही. पण निरर्थकही नाही. ‘डावीकडे प हेच अक्षर, उजवीकडे कोणतंही सूत्र’ अशा सूत्रांचा हा साचा आहे: (प → फ), (प → ¬प), (प → (ब → प)) हे त्याचे नमुने. (फ → प) त्यात बसत नाही.